अडीचशे तासांचे चाचा

खलीलचाचांना वय विचारलं तर ते वर्षांत सांगत नाहीत. "पावणेचार लाख तास झालेत," म्हणतात, आणि समोरच्याचा चेहरा बघून पुस्ती जोडतात, "झोप वजा करून."

यामागे त्यांचं शास्त्र आहे. चाचा बोअरच्या गाडीचे मिस्त्री. म्हणजे ती ट्रकवर बसवलेली, मनोरा उभा करून जमिनीला चारशे-पाचशे फूट भोक पाडणारी गाडी. तिच्या केबिनमध्ये एक छोटं मीटर असतं. गाडी किती किलोमीटर धावली ते त्यात दिसत नाही, इंजिन किती तास चाललं ते दिसतं. इंजिन बंद की मीटर बंद. "माणसाचं बी तसंच हाय," चाचा म्हणतात. "निजलेला माणूस म्हंजी बंद गाडी. ते तास धरायचे न्हाईत." या हिशेबाने माझ्याबद्दल त्यांचं मत काही फार बरं नाही. मी दुपारी दुकानात खुर्चीवर डुलकी काढतो. "भाऊ, तुमी साठीचे दिसता," ते एकदा म्हणाले, "पण मीटर लई कमी चाललंय तुमचं. निम्मे नवेच हाव." हे कौतुक होतं की आणखी काही, ते मला अजून कळलेलं नाही.

माझं दुकान चौसाळ्यात हायवेला लागून आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म. मी सुरेश, पण गावाला 'भाऊ' पुरतो. चाचा पाठीमागच्या गल्लीत राहतात. चाची तीन वर्षांपासून अंबाजोगाईला मुलीकडे, नातीला सांभाळायला. मुलगी सारखी म्हणते, अब्बा, इकडंच या. चाचांचं उत्तर ठरलेलं, "आन् गाडी कोन बघल?" गाडी चाचांची नाही. ती बंडूशेठची. पण हे चाचांना सांगायची हिंमत खुद्द बंडूशेठलाही कधी झाली नव्हती.

गावात त्यांना 'अडीचशे चाचा' म्हणतात. मीटरवर अडीचशे तास भरले की गाडी उभी. मग समोर खुद्द कलेक्टरसाहेबांच्या अंगणात बोअर पाडायचा असो. इंजिनचं ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचे, मनोऱ्याची साखळी तपासायची, ग्रीस भरायचं. पाचशे तासांना हायड्रॉलिकचे फिल्टर, हजाराला ते सगळं तेलच. रबरी पाइपांवरून ते कधी हात फिरवत नाहीत, पुठ्ठा फिरवतात. पाइपाला सुईएवढं भोक असलं तरी तेल इतक्या दाबाने बाहेर येतं की हातात घुसतं. पुठ्ठ्यावर ओला डाग पडला की पाइप बदलायचा. हा पुठ्ठा माझ्या दुकानातल्या कागदाच्या खोक्याचा असतो. तेलाचा थेंब टाकून बघायचा पांढरा कागदही माझाच. थेंब पसरतो, मधला ठिपका काळा पडला की तेल गेलं. "तेल खोटं बोलत न्हाई, भाऊ," म्हणत ते आणखी दोन कागद खिशात घालतात.

त्यांचं एकच ब्रीद आहे, "चालू हाय तवाच बघायचं. बिघडल्यावर सगळेच येतेत." हे ते फक्त गाडीला लावून थांबले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो.

चपलेचा अंगठा तुटायच्या आधी चाचा तो बदलून घेतात. कुकरची रिंग दर सहा महिन्यांनी नवी. छत्रीच्या काड्यांना ते मार्चमध्ये तेल देतात, ज्या महिन्यात आमच्याकडे छत्री हा शब्दसुद्धा कोणाला आठवत नाही. डोक्यावर एक केस नाही, तरी दर पंधरा दिवसांनी सलूनमध्ये जाऊन बसतात. न्हावी म्हणाला, चाचा, कापायचं काय? "कापायला कोन आलंय," चाचा म्हणाले, "बघून घे फकस्त." तो बिचारा फडक्याने टक्कल पुसून देतो.

वडवणीच्या एका लग्नात तर त्यांनी कहर केला. सगळे नवरदेवाला आहेर देऊन पुढे सरकत होते. चाचा त्याचा हात धरून उभे राहिले. "बेटा, आडीचशे तास झाले की एकदा हिच्यापाशी बसायचं, आन् विचारायचं, काय आवाज येतोय का?" नवरदेव म्हणाला, "चाचा, आमचं चांगलंच चालंल की." "चांगलं चाललंय तवाच इचारायचं असतंय, बे," चाचा म्हणाले. मागे रांग खोळंबली होती. नवरीने मात्र मान हलवली, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आणि हे सगळं लक्षात ठेवायला त्यांचे तक्ते. दर पंधरा दिवसांनी चाचा एक तक्ता लॅमिनेट करायला माझ्या दुकानात यायचे. ग्रीसचा तक्ता, इन्व्हर्टरच्या पाण्याचा तक्ता, शेळीच्या लसीचा तक्ता. सातवी पास माणूस, पण अक्षर मोत्यासारखं. ग्रीसचा एकच तक्ता त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतला. विचारलं तर म्हणाले, पहिल्याचा रंग उडाला. त्यात लॅमिनेशनची मशीन तापायला पाच-सात मिनिटं घेते. तेवढ्या वेळात चाचा स्टुलावर बसून माझी उलटतपासणी घेत. सकाळी काय जेवलात? भाजी कोणती? झोप लागती का? गुडघा वाजतो का? दाढ दाखवली का? ही दाढ मी गेली दोन वर्षं दाखवणार आहे. मी चिडून म्हणायचो, "चाचा, मी काय तुमची बोअरची गाडी आहे?" ते हसायचे आणि तक्ता घेऊन निघायचे.

खरं म्हणजे ही पंधरा दिवसांची फेरी सुरू झाली तीसुद्धा दोन वर्षांपूर्वीच. माझी बायको सुमन गेली आणि मी दीड महिना शटर उघडलं नाही. उघडलं त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक चाचा होते. हातात ग्रीसचा तक्ता. मला ते तेव्हा बोहणी वाटले होते.

तर या एप्रिलमध्ये चाचांची गाडी अडली. एप्रिल-मे म्हणजे बोअरवाल्यांची दिवाळी. जिकडेतिकडे विहिरी तळाला गेलेल्या, बंडूशेठचा फोन खाली राहत नव्हता. शिरूर कासारच्या बाजूला एक गाव संपलं की दुसरं. चाचा दर दोन दिवसांनी मोटरसायकलवर साइटला जाऊन मीटर बघून यायचे. मीटरवर दोनशे चाळीस तास. दोन दिवसांनी गेले, दोनशे चाळीस. चार दिवसांनी गेले, तरी दोनशे चाळीसच. बंडूशेठ म्हणाला, काम थंड आहे, चाचा. पण गाडीभोवती खडकाच्या भुग्याचे पांढरे ढीग पडले होते. चाचांनी खिशातून माझा कागद काढला आणि तेलाचा थेंब टाकला. मधे काळा ठिपका उमटला. मग त्यांनी केबिनमध्ये हात घालून बघितलं. मीटरची वायर काढून ठेवलेली.

चाचांनी गाडीची किल्ली काढून खिशात घातली. अर्धा दिवस गाडी उभी राहिली. अर्धं गाव बांधावर जमलं. पुढचा संवाद मला तिथल्या ऑपरेटरने सांगितला.

"चाचा, किल्ली द्या. पार्टी बोंबलून राह्यली."

"वायर कावून काढली, शेठ?"

"तुमी दर दहा-बारा दिसाला गाडी उभी करता म्हणून काढली. ऐका, चार सालात गाडी एकदा तरी बिघडली का?"

"न्हाई."

"एकदा बी बिघडली न्हाई. मंग तुमी करता काय?"

"हेच करतो," चाचा म्हणाले.

हे बंडूशेठच्या डोक्यावरून गेलं. उद्यापासून येऊ नका, त्याने सांगून टाकलं. बिघडलीच तर बीडहून मिस्त्री बोलावता येतो. चाचांनी किल्ली दिली, केबिनमध्ये टांगलेला ग्रीसचा तक्ता रुमालाने पुसला, पुन्हा जागेवर अडकवला आणि घरी आले.

मला ही बातमी दुसऱ्या दिवशी कळली. संध्याकाळी जाऊन भेटावं, असं मनात आलं. मग फॉर्म भरायचे दिवस आले, पोरापोरींची रीघ लागली, आणि दाढेचं जे केलं तेच मी चाचांचंही केलं. लाज वाटते, पण सांगतो. सकाळी काय खाल्लं हे विचारणारं कोणी नाही, हे मला थोडं बरंच वाटत होतं. त्या दिवसांत मी किती वेळा चहा-बिस्किटावर भागवलं, ते मला एकट्यालाच माहीत.

तीन आठवड्यांनी भर दुपारी बंडूशेठची जीप दुकानासमोर करकचून थांबली. शेठचा शर्ट तेलाने माखलेला.

"भाऊ, चाचा कुठं हायेत? फोन लागंना."

"काय झालं?"

"हायड्रॉलिकचा पंप जाम झालाय. साडेतीनशे फुटावर रॉड आडकलेत, वर येईनात. बीडचा मिस्त्री बघून गेला, तेलाचा पार चिखल झालाय म्हणला."

मी कॅलेंडरकडे बघितलं. चाचा शेवटचे येऊन गेल्याला महिना झाला होता. पंधरा दिवसांचा माणूस एक महिना आला नाही आणि मी दिवस मोजलेही नाहीत. मी शटर ओढलं आणि जीपमध्ये बसलो.

चाचांचं दार नुसतं लोटलेलं होतं. अंगणातला नळ ठिबकत होता, खाली चांगलं डबकं साचलेलं. चाचांच्या घरचा नळ ठिबकतोय हे बघून मी भराभर आत शिरलो. ते आत बाजेवर बसले होते. टकलावर धूळ बसलेली, म्हणजे सलूनची फेरीही चुकली होती. फोन खिडकीत, चार्जिंग संपून पडलेला.

"जेवलात का?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"व्हय," चाचा म्हणाले. चूल बघितल्यावर कळत होतं की ते खोटं आहे.

बंडूशेठने दारातच हात जोडले. पंप, रॉड, चिखल, सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं, आता चाचा ते वाक्य म्हणणार. बिघडल्यावर सगळेच येतेत. म्हणायला हवं होतं. शेठला आणि मला, दोघांनाही ते लागू होतं. चाचा बाजेवरून उठले. त्यांनी एवढंच विचारलं, "मीटरची वायर लावली का?"

"लावतो."

"आधी लावा. मंग येतो." आणि हत्यारांची पेटी आणायला ते आतल्या खोलीत गेले. शेठ जीप वळवायला बाहेर पळाला.

मी एकटा उरलो तेव्हा दाराच्या मागे टाचलेला कागद दिसला. तेच मोत्यासारखं अक्षर, पण हा तक्ता लॅमिनेट केलेला नव्हता. हा कधी माझ्याकडे आलाच नव्हता. वर लिहिलं होतं, 'मानसं'. पहिली ओळ, अंबाजोगाई, फोन, रोज. दुसरी, सलूनवाला, पंधरा दिवस, बाप वारला, बोलत नाही. तिसरी ओळ, सुरेशभाऊ, पंधरा दिवस, वहिनी गेल्या, एकटे, जेवत नाहीत. आणि त्यापुढे दोन वर्षांच्या बारीक खुणा, एकही न चुकलेली. शेवटचे दोन चौकोन तेवढे रिकामे होते.

मी तो कागद कितीतरी वेळ वाचत राहिलो. तीनदा केलेला ग्रीसचा तक्ता, ती मशीन तापायची वेळ, ती भाजीची चौकशी, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दोन वर्षं मी या माणसाला हसत होतो आणि त्याच्याच जिवावर चालत होतो. तक्त्यात सगळी माणसं होती, फक्त चाचा नव्हते. मी खिशातलं पेन काढलं आणि खाली एक ओळ वाढवली. 'खलील मिस्त्री, पंधरा दिवस, सुरेशभाऊ येणार.' माझं अक्षर त्या अक्षराखाली अगदीच गबाळं दिसत होतं.

मागे पेटी खाली ठेवल्याचा आवाज आला. चाचा उभे होते. चोरी पकडली गेल्यासारखे ते गोरेमोरे झाले, मग त्यांनी चष्मा लावला आणि माझी ओळ वाचली. मन लावून, तेलाचा थेंब बघतात तशी. बाहेर बंडूशेठ हॉर्न वाजवत होता.

"तक्ता घेऊन जातो," मी म्हणालो. "लॅमिनेट करून आणतो."

"आधी दुरुस्त करा," चाचा म्हणाले. "पंधरा दिस नव्या गाडीला आसतेत. जुन्या गाडीला अंतर कमी करावं लागतंय."

"मग किती लिहू?"

त्यांनी पेटी उचलली, दारापर्यंत गेले आणि नळाकडे बघत म्हणाले, "आठ करा."