डाग असेल तो ठेवायचा

"एका दिवसाचं काम आहे!" सोमवारी सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता ठसेकाकूंनी जाहीर केलं. "संध्याकाळपर्यंत निम्मे ठसे घराबाहेर. तुम्ही फक्त मध्ये मध्ये करू नका."

काकांनी मान डोलावली. लग्नाला छत्तीस वर्षं झालेल्या माणसाची मान अशा वेळी आपोआप डोलते.

ठसेकाकू हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी दिलं होतं आणि ते अगदी रास्त होतं. लाकडाच्या ठोकळ्याला चिकटवलेलं नक्षीचं रबर, ते शाईच्या पॅडवर दाबायचं आणि जाड कागदावर उमटवायचं, की झालं शुभेच्छापत्र! बावीस वर्षं काकू नात्यागोत्यात अशी कार्डं पाठवत होत्या. कुणाचा वाढदिवस, कुणाची बढती, कुणाचं दुखणं, काकूंचं कार्ड गेलंच म्हणून समजा. आणि जिथे जातील तिथून त्या ठसे आणत. फुलं, पानं, घुबडं, छत्र्या, दीपस्तंभ, सायकली. एकूण अकराशे चाळीस. मागची खोली म्हणायला खोली होती, पण तिथल्या पलंगावर गेल्या सहा वर्षांत कुणी पाठ टेकली नव्हती.

आता मात्र पाठ टेकायला कुणीतरी येणार होतं. काकांची थोरली बहीण, म्हणजे काकूंच्या वन्सं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, एकटीनं राहणं जमेना, तेव्हा शनिवारपासून त्या कायमच्या इथे राहणार होत्या. पलंग त्यांचा, कपाटही त्यांचं. ठशांसाठी उरत होता एक खण. अकराशे चाळीस ठसे आणि एक खण! विकत घ्यायला शाळेतल्या हस्तकलेच्या बाई तयार होत्या. शनिवारी रिक्षा घेऊन येते म्हणाल्या.

काकूंना वन्संचा फार धाक. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळलेली बाई. बोलणं मोजकं, तेही जावक क्रमांक टाकल्यासारखं. बावीस वर्षांत काकूंनी पाठवलेल्या प्रत्येक कार्डाला त्यांचा एकच निरोप येई, "पोचलं." आवडलं नाही, नावडलं नाही. नुसतं पोचलं! काकूंना ते फार लागे, पण सांगणार कुणाला? अशा बाईंनी घरात पाऊल टाकावं आणि पलंगावर घुबडं बसलेली असावीत, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

तर सोमवारी काकू कामाला लागल्या. तीन ढीग केले. 'ठेवायचे', 'विकायचे' आणि 'बघू'. दुपारपर्यंत 'ठेवायचे'मध्ये सात ठसे होते, 'विकायचे'मध्ये एक तुटका, आणि बाकी सगळे 'बघू'मध्ये! संध्याकाळी तुटकाही 'बघू'मध्ये गेला. चिकटवला तर चालेल की!

मंगळवारी काकूंना एकदम सुचलं. त्यांनी आजवर एकही ठसा धुतला नव्हता. म्हणजे ज्याच्या रबराला शाईचा डाग, तो वापरलेला. ज्याचं रबर कोरं, तो नुसताच जागा अडवून बसलेला.

"डाग असेल तो ठेवायचा, कोरा असेल तो विकायचा!" काकू स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या. "आहे की नाही सोपं? मी जरा खोकी घेऊन येते. आले की तासाभरात वेगळे करते."

काका तेव्हा नळाची तोटी घासत होते. त्यांनी 'डाग' एवढं ऐकलं.

काका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते. एकतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या. डाग दिसला की त्यांच्या हाताला खाज सुटते. सोमवारपासून बायको 'मध्ये मध्ये करू नका' म्हणत होती, त्यामुळे त्यांना फार उपऱ्यासारखं झालं होतं. माणूस विकायला काही काढतो तर ते स्वच्छ नको का? काकू जिना उतरल्या आणि काकांनी स्पिरिटची बाटली, साबणाचं पाणी आणि चार जुने टूथब्रश काढले.

तीन दुकानं पालथी घालून काकू दुपार कलताना खोकी घेऊन परतल्या, तेव्हा गॅलरीत वर्तमानपत्रांवर अकराशे चाळीस ठसे उन्हात वाळत पडले होते. उंचीप्रमाणे रांगेत! एकाही रबराला औषधालासुद्धा डाग नव्हता.

"बघ," काका घाम पुसत म्हणाले, "काही काही तर इतके मळलेले होते, विचारू नकोस! घासून घासून बोटं सोलवटली. आता कोण म्हणेल वापरलेले आहेत?"

"कुणीच म्हणणार नाही," काकू म्हणाल्या. मग त्या खाली बसल्या. खोकी तशीच हातात.

"काय झालं? भाव चांगला येईल की!"

काकूंनी काय झालं ते सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी बोलणं बंद केलं. काकांनी एक ठसा उचलून उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला. काही उपयोग झाला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपल्या स्वच्छतेची लाज वाटली.

बुधवारी काकूंनी नवा मार्ग काढला. ठशावरचा डाग गेला, पण कागदावरचा ठसा कुठे जातोय? पाठवलेल्या कार्डांचे फोटो मागवायचे. त्यांवर जे ठसे दिसतील ते वापरलेले! त्यांनी एकेकाला फोन लावला.

धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तुमचं कार्ड रोज वापरात आहे! फ्रिज डुगडुगत होता ना, आता अगदी ठाम उभा आहे."

भाचीनं पाच फोटो पाठवले. पाचही पाकिटांचे.

मावसबहिणीनं तर फोन उचलताच विचारलं, "माझी कार्डं परत हवीत? का गं? तुझी तब्येत बरी आहे ना?"

"परत नकोत गं, नुसते फोटो..."

"सकाळी दिरांकडे मागितलीस, आता माझ्याकडे! काय ते खरं सांग. डॉक्टर काय म्हणाले?"

काकूंनी वैतागून फोन ठेवला. ही चूक झाली. कारण मावसबहिणीनं लगेच काकांना लावला.

"भावजी, काय चाललंय तुमच्या घरी?"

काका खोटं बोलणारे नव्हेत. "चूक माझीच आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "माझ्या हातून घडलं ते घडलं. कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. शनिवारपर्यंत तिला खोली रिकामी करायची आहे. खोकीसुद्धा आणली आहेत."

 पलीकडून "अरे देवा!" एवढंच ऐकू आलं.

बुधवारच्या संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यात बातमी झाली, की या वयात ठसेकाकू घर सोडून निघाल्या, खोकी भरली, बावीस वर्षांचे संबंध तोडून सगळ्यांकडून कार्डंही परत मागवली. चूक म्हणे भावजींची! कसली ते कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ज्याला जी सुचली ती त्यानं धरली. दीर फोनवर काकांना म्हणाले, "दादा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." काका म्हणाले, "माझीही नव्हती रे. पण ब्रश हातात आला की मला राहवत नाही." दिरांनी घाईघाईनं फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी दारात टॅक्सी थांबली आणि वन्सं उतरल्या! दोन दिवस आधी. हातात वॉकर, मागे दोन बॅगा घेतलेला टॅक्सीवाला.  पलंगावर अकराशे चाळीस ठसे उंचीप्रमाणे रांगेत उभे होते!

वन्सं खुर्चीत टेकल्या. "कोण घर सोडून चाललंय?"

"कुणीच नाही," काका आणि काकू एकदम म्हणाले. मंगळवारनंतर पहिल्यांदाच दोघं एक वाक्य बोलले.

काकांनी सगळं सांगितलं. डाग, स्पिरिट, टूथब्रश, फोटो.  वन्सं काकूंकडे वळल्या. "कार्डं सगळ्यांकडे मागितलीस. माझ्याकडे नाही मागितलीस."

काकूंनी नजर खाली वळवली. "तुम्ही ठेवली असतील असं वाटलं नाही, वन्सं."

"का?"

"तुम्ही कधी काही म्हणालाच नाहीत. नुसतं 'पोचलं' म्हणायचात."

"पोचल्यावर दुसरं काय म्हणतात?" वन्संनी खरोखरच विचारलं. मग त्यांनी पहिली बॅग उघडली आणि एक जाडजूड फाइल बाहेर काढली. लाल दोरीनं बांधलेली. आत पहिल्या पानावर अनुक्रमणिका, आणि त्यामागे काकूंनी पाठवलेली एकसष्टच्या एकसष्ट कार्डं, तारखेप्रमाणे लावलेली. प्रत्येकाच्या मागे वन्संच्या बारीक अक्षरात लिहिलेलं, 'प्राप्त', आणि तारीख.

काकूंना रडू आवरेना. बावीस वर्षं ज्या बाईला त्या कोरडी समजत होत्या, तिनं एक कार्ड इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं! काका पाणी आणायला आत गेले आणि पेला दोनदा विसळून आले.

मग तिघं कामाला बसले. वन्संनी फाइलमधलं एकेक पान उलटायचं, काकूंनी ठसा ओळखायचा, काकांनी रांगेतून तो शोधून काढायचा. दोन तासांत काम संपलं. काकांनी वेगळे काढलेले ठसे मोजले.

"चौदा," ते म्हणाले.

"परत मोजा."

"चौदाच आहेत. सुटला की प्रश्न! चौदा ठेवायचे, बाकीचे बाईंना. खणात जागा उरेल!"

काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. वन्संना गेले तेच ठसे बाकीच्यांनाही जात, म्हणजे अकराशे चाळीस ठसे आणून त्यांनी बावीस वर्षं चौदाच वापरले होते! त्यातही एकसष्टपैकी बावन्न कार्डांवर एकच ठसा होता. एका पायावर उभा असलेला बगळा. वाढदिवसाला बगळा, ऑपरेशनला बगळा, निवृत्तीलाही बगळा! खरं कारण असं, की तो ठसा पहिल्याच दाबाला स्वच्छ उमटायचा आणि टपालाची वेळ टळायची नाही. घुबडं, छत्र्या नि दीपस्तंभ सवडीनं वापरायला ठेवलेले होते. सवड तेवढी कधी मिळाली नव्हती.

वन्सं पलंगाकडे बघत होत्या. "हे सगळे तुझेच?"

"हो," काकू पुटपुटल्या.

"मला वाटायचं तुझ्याकडे एकच ठसा आहे. बिचारी एकाच बगळ्यावर संसार रेटतेय."

"तसं नाही वन्सं..." काकू पदर सारखा करू लागल्या. "तुम्हाला बगळा आवडेल असं वाटायचं."

"मला पक्षी आवडत नाहीत," वन्सं म्हणाल्या. "पण तुला बगळा आवडतो म्हणून मी जपले. कायमची राहायला येतेय, रिकाम्या हातानं कशी येऊ? ती दुसरी बॅग उघड."

काकांनी चेन ओढली. आत साठ ठसे होते. साठही बगळे! उडणारा, बसलेला, मान वळवलेला, मासा धरलेला, लहान, मोठा, जोडीनं. वन्संच्या कचेरीसमोर बसणाऱ्या शिक्केवाल्यानं ते कार्डावरून बघून हौसेनं बनवले होते. त्या माणसानं जन्मात कचेरीच्या शिक्क्यांपलीकडे काही केलेलं नव्हतं, त्यामुळे प्रत्येक बगळ्याभोवती गोल रेघ होती आणि पायाखाली तारखेची जागा.

"आवडले?" वन्संनी विचारलं. कचेरीतल्या आवाजात नव्हे. जरा घाबरत घाबरत.

"फार!" काकू म्हणाल्या. आणि गंमत म्हणजे, ते म्हणताना त्यांना ते खरंच वाटलं.

शुक्रवारी काकूंनी मनावर दगड ठेवून खोकी भरली. चौदाचे चाळीस झाले, पण त्यावर त्या गेल्या नाहीत. एक दीपस्तंभ चार वेळा खोक्यातून बाहेर आला आणि चारही वेळा आत गेला. खण गच्च भरला. कपाट वन्संच्या साड्यांनी आणि फायलींनी भरलं. पलंगावर स्वच्छ चादर पडली. खोली कशी खोलीसारखी दिसू लागली!

शनिवारी हस्तकलेच्या बाई आल्या. खोकी रिक्षात गेली. निघता निघता बाईंची नजर टेबलावरच्या बॅगेकडे गेली.

"अगंबाई! हे बगळे किती छान! आणि खाली तारीख घालायलाही जागा. वर्गात रोज उपयोगी पडतील. काकू, हेही विकायचेत ना?"

वन्सं खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. पण बराच वेळ पानही उलटलं नाही.

काकूंनी बॅगेकडे पाहिलं. भरलेल्या खणाकडे पाहिलं. वन्संच्या हातातल्या न हलणाऱ्या कागदाकडे पाहिलं.

"छे हो!" त्या म्हणाल्या. "हे तर ठेवायचे आहेत."

"पण जागा संपली म्हणत होतात ना?"

पान उलटल्याचा आवाज आला. काका आपल्या खोलीत गेले आणि शर्टांचा कप्पा रिकामा करायला लागले.