मनवरकाकांची उशी

मनवरकाकांच्या खांद्याला एक खाकी पिशवी असे. पिशवीत तळाशी कामाचे कागद आणि वर एक छोटी उशी. उशीच्या अभ्र्यावर हिरव्या दोऱ्यानं भरलेले दोन पोपट, त्यातल्या एकाची चोच धुऊन धुऊन उडालेली. सरकारी तपासणीला उशी घेऊन येणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पहिल्यांदा आले तेव्हा मी दिग्रसजवळच्या एका गावात पालकांचा वर्ग घेत होते. काका मागच्या भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून ऐकत बसले. वर्ग संपल्यावर हात जोडून म्हणाले, "बेस झाला जी वर्ग, ताई. आता कोनाच्या घरी मले जरा आंग टाकता येईन काय?"

"बरं वाटत नाही का?" मी घाबरून विचारलं.

"तब्येत खणखणीत हाय. ड्युटी हाय."

आणि खरोखरच ते एका घरात गेले, ओसरीतल्या बाजेवर पोपटांची उशी टाकली, त्यावर डोकं टेकलं आणि घोरू लागले. घोरणं मोठं देखणं होतं. एक लांब, एक आखूड, मग बारीकशी शिट्टी. इतक्या सुरात घोरणारा माणूस माझ्या माहेरी-सासरी कुठंच नव्हता. तासाभरानं उठले, चहा बशीत ओतून प्यायले आणि म्हणाले, "झोप काही लागली नाही."

मी हसू दाबलं. म्हाताऱ्या माणसांना दुपारी झोप लागल्याचं कबूल करायला का लाज वाटते कोण जाणे. आमचे मामाही तोंडावरचं वर्तमानपत्र श्वासानं फडफडत असताना "मी जागाच आहे" म्हणत.

ती वर्षं कापसाच्या पडझडीची होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तेव्हा कापसापेक्षा प्रशिक्षणं जास्त पिकत. शेळ्यांचं प्रशिक्षण, मेणबत्त्यांचं प्रशिक्षण, मन शांत ठेवण्याचं प्रशिक्षण. धुरळा उडवत जीपगाड्या येत आणि धुरळा उडवत जात. बाजारात भाव पडला, कापसातली सरकी काढणारी जिनिंग गिरणी बंद राहिली, की त्याचा राग घरात येऊन पोरांच्या पाठीवर निघे. म्हणून एका संस्थेनं पालकांचे वर्ग काढले. मुलांना न मारता कसं वाढवायचं ते शिकवायचं. शिकवणारी मी. शिकवलेलं लागू पडलं की नाही ते पाहायला बालकल्याणाच्या कार्यालयातून कुणीतरी येई.

काकांच्या आधीचे साहेब प्रश्न विचारत. "मुलाचं चुकलं तर काय करता?" सगळं गाव एका सुरात सांगे, "जवळ घेऊन समजावून सांगतो." शब्द माझे, शब्दांमधलं थांबणंही माझंच. एक आजी तर नातवाला गुडघ्यात दाबून उवा काढता काढता सांगत होती, "मारणं चुकीचं हाय जी..." मग पाठीत एक धपाटा, "हालू नको म्हन्लं ना, मेल्या! ...लेकराईले समजवाव लागते." साहेबांनी आजींना पैकीच्या पैकी गुण दिले. माझा वर्ग जिल्ह्यात पहिला आला. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

झोपेचं शास्त्र काकांनी मला दिग्रसच्या बसस्टँडवर समजावून सांगितलं. दुपार कलती होती. कापसाच्या गाड्यांतून उडालेला कापूस उन्हाच्या तिरिपेत तरंगत होता, चहाच्या टपरीवर उतरत होता, झोपलेल्या कुत्र्याच्या कानावर बसत होता. कंडक्टर पेंगत होता. सगळं गावच पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं.

"पाहुण्यापुढं सारेच मायबाप गोड असतेत, ताई," काका म्हणाले. "पन पाहुणा झोपला का घर आपल्या चालीवर येते. मी डोये मिटतो अन् ऐकतो. बापाची चप्पल वाजली का पोट्टं कोन्या बाजूले पयते? बापाकडं का मागच्या दारी?"

"आणि पाहुणा झोपलाय म्हणून मुलं शहाण्यासारखी गप्प बसली तर?"

"चांगल्या घरचं लेकरू जरा वेळ गप बसते. मंग इसरते. भ्यालेलं लेकरू इसरत नाही." त्यांनी बशीवर फुंकर घातली, कापसाचा एक तंतू बाजूला केला. "भ्यालेलं घर लय शांत असते जी."

शास्त्र कधी कधी फसेही. एका घराला त्यांनी 'फारच भ्यालेलं' ठरवलं होतं. मागाहून कळलं, त्या घरची सगळी पोरं शेजारच्या गल्लीत बारशाच्या पंगतीला बसली होती. काकांनी पुन्हा जाऊन पुन्हा झोप काढली आणि निकाल फिरवला.

लहान मुलांना ते 'साहेब' म्हणत. मुलीलाही साहेब. "काय साहेब, जेवले काय?" पोरं ओरडू लागली आणि आया लाजून गप्प करू लागल्या की हात वर करून म्हणत, "होऊ द्या गोंधळ." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य तुम्हाला माहीतच आहे. प्रत्येक घरातून निघताना मी मुद्दाम विचारायची, "काका, लागली का झोप?" आणि ते तितक्याच गंभीरपणे मान हलवायचे, "नाही लागली."

माझ्या वर्गातल्या सगळ्या घरांत एका घराची मला धाकधूक होती. दिवाकर दिग्रसच्या जिनिंगमध्ये कामाला होता. जिनिंग बंद पडली आणि तो घरी बसला. त्यातच एका संध्याकाळी सांडलेल्या दुधापायी त्यानं पोरीला इतकं मारलं, की तिचा हात प्लास्टर घालून गळ्यात बांधावा लागला. करिश्मा तिचं नाव, दुसरीत होती. कार्यालयानं तिला उमरखेडला मामाकडे ठेवलं. बापानं वर्ग पूर्ण करावा, मग तपासणाऱ्यानं घर पाहून सांगावं, तेव्हाच ती परत येणार. म्हणजे मनवरकाका हो म्हणतील तेव्हा. दिवाकर वर्गात पहिल्या ओळीत बसे आणि खाली मान घालून ऐके. त्याची बायको रेखा रोज मला विचारी, "ताई, येईन ना वं माही पोरगी?"

करिश्मा सुट्टीत घरी आली तेव्हा काका पहिल्यांदा तिथं झोपले. मी रेखाबरोबर दाराशी तांदूळ निवडत होते. दिवाकर उंबऱ्याशी बसला होता. काका सुरात घोरत होते. करिश्मा भिंतीला टेकून बसली होती. बऱ्याच वेळानं तिला तहान लागली. ती उठली नाही. आधी पायांतले पैंजण काढले, फ्रॉकच्या खिशात ठेवले, मग माठाशी गेली. पाणी प्याली, ग्लास अंडं ठेवावं तसा अलगद ठेवला, जागेवर आली आणि पैंजण पुन्हा घातले. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

काका उठले. चहा प्यायले. "झोप काही लागली नाही," म्हणाले, आणि दिवाकरच्या खांद्यावर हात ठेवून, "आता नाही जी. थांबू थोडं."

रेखा आत जाऊन रडली. मला मात्र काकांचा रागच आला. माझा वर्ग दिवाकरनं एकदाही बुडवला नव्हता. बसमध्ये मी तोंड फिरवून बसले, काकांनी पुढं केलेले शेंगदाणेही घेतले नाहीत.

पुढच्या खेपेपर्यंत गावाला काकांची परीक्षा कळली होती. झोपणारा साहेब आला की पोरांनी आवाज करायचा, एवढं सगळ्यांनी पक्कं केलं. काका गल्लीत शिरले आणि जिकडं तिकडं डबे, थाळ्या, पिपाण्या सुरू झाल्या. एका घरात तर पोरं पुरेनात म्हणून शेजारची उसनी आणली होती. करिश्माही पुन्हा दोन दिवस घरी आली होती. दिवाकरच्या घरी काका आडवे झाले, घोरू लागले, आणि दिवाकर दात आवळून हळू आवाजात म्हणाला, "आवाज कर वं. कर म्हन्तो ना! नाही तं हाड मोडीन!"

करिश्मानं हात जोडून शाळेतली प्रार्थना सुरू केली. घोरणं थांबलं. काकांनी एक डोळा उघडला.

मला वाटलं, संपलं सगळं. पण काका उठून बसले, पोपटांची उशी झटकली आणि दिवाकरपुढं धरली. "घ्या. आता तुमी झोपा. मी बसतो."

"मी कायले झोपू जी?"

"परीक्षा तुमची हाय का माही? लेकराईले खेयू द्या अन् तुमी पडून राहा. डोये उघडाचे नाही. जमते काय पाहा."

नाही जमलं. अंगणात कुणी हसलं की दिवाकर दचकून उठे. मूठ वळलेली असे, त्याची त्यालाच ती दिसे आणि तो ओशाळून पुन्हा आडवा होई. "मले वाटते माह्यावरच हासून राह्यले," तो म्हणाला. काका म्हणाले, "रोज करा. होऊ द्या गोंधळ." माझ्या साऱ्या तक्त्यांत, चित्रांत हा धडा कुठंच नव्हता.

मग त्या गावानं वेगळीच गंमत पाहिली. रोज दुपारी गल्लीतली पोरं दिवाकरच्या अंगणात जमत, टायर फिरवत, भांडत, आणि दिवाकर बाजेवर डोळे मिटून, सुई टोचून घेणाऱ्या माणसासारखा तोंड वाकडं करून पडलेला असे. बाया पदर तोंडाला लावून हसत. तो कोणावर ओरडला नाही. एकदा म्हणे त्याला खरंच झोप लागली आणि पोरांनी त्याच्या पोटावर गोट्या मांडल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत करिश्मा आली. काका शेवटचे झोपायला आले. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, कडुलिंबाची सावली अंगणात झुलत होती, आणि पाहता पाहता माझेही डोळे जड झाले. एका बाजेवर काका, खाली चटईवर दिवाकर. रेखा म्हणाली, "करिश्मा, मुगवड्या उनात ठेव वं."

करिश्मा परात घेऊन निघाली, आणि दारातच ती तिच्या हातातून सुटली. फरशीवर असा दणका झाला, की छपरावरचे पारवे उडाले. परात गोल गोल फिरत राहिली, तिचा आवाज थांबेचना. मुगवड्या घरभर. रेखाचा हात तोंडावर गेला. करिश्मा दारात उभी, एक पाय उचललेला, तो खाली ठेवायचीही तिला हिंमत होईना.

दिवाकर ताडकन उठून बसला. हात वर गेला. गेला तो तसाच वर राहिला, मग डोक्यावर आला आणि त्यानं डोकं खाजवलं.

"लागलं काय वं?"

"नाई... मुगवड्या सांडल्या."

"मंग येच. मी पन येचतो."

तो गुडघ्यांवर रांगत बाजेखालच्या वड्या गोळा करू लागला. रांगताना त्याचं डोकं बाजेच्या लाकडावर आपटलं, आणि करिश्मा हसली. आधी थोडं, मग खळखळून, मग पैंजण वाजवत घरभर वड्यांमागं धावत. मी डोळे पुसले. आनंदानं काकांकडे वळले, म्हटलं, आता उठतील, एक डोळा उघडतील.

काका हलले नाहीत. त्यांचं घोरणं बदललं होतं. आता त्याला सूर नव्हता, ताल नव्हता. तोंड वासलेलं, मध्येच अडकणारं, मध्येच गुरगुरणारं, अगदी आमच्या मामांसारखं. पारवे परत येऊन बसले. करिश्मानं त्यांच्या कानाशी जाऊन "साहेब!" केलं. यवतमाळची बस आली आणि गेली. उन्हं उतरली तरी ते झोपलेलेच.

शेवटी जाग आली तेव्हा आपण कुठं आहोत ते त्यांना कळेना. करिश्मानं चहा आणला. दिवाकर हात जोडून उभा राहिला. "साहेब, मंग? पोरगी राहीन ना?"

"झोप लागली जी," काका म्हणाले.

"म्हंजे काय?"

"म्हंजे राहीन."

फाट्यावर पुढच्या बसची वाट पाहत आम्ही उभे होतो. मी नेहमीच्या थट्टेनं म्हटलं, "काका, आज कबूल केलंत!"

ते हसले नाहीत. "इतक्या वर्षांत आजच लागली, ताई. माहा बाप जिनिंगमंदी रातपाळीले होता. दुपारी झोपे. आवाज झाला का आमाले उलटं टांगे. आमची माय धाकट्याच्या तोंडावर हात ठेवून बसे. तवापासून घर शांत असलं का मले वाटते, आता कोनीतरी मारन. घोरतो ते सारं सोंग. खोली घेतली यवतमायले, एकटाच राह्यतो. लय शांत हाय खोली."

"लग्न का नाही केलंत?"

"ह्या हाताचा भरवसा नव्हता." त्यांनी उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. इतके दिवस मी ज्यांच्या झोपेला हसले, त्यांच्यासाठी माझा जीव तुटला.

तेवढ्यात दुरून छुमछुम ऐकू आली. मग सायकलची घंटी, मग वळणावर दिवाकर आणि मागं कॅरिअरवर पाय हलवणारी करिश्मा. तिच्या मांडीवर पोपटांची उशी होती.

"साहेब, तुमची उशी राह्यली!" ती ओरडली.

काकांनी उशी हातात घेतली, चोच उडालेल्या पोपटावरून अंगठा फिरवला आणि परत तिच्या मांडीवर ठेवली. "राहू द्या साहेब, तुमच्याच घरी. मी आलो का लागंन."

"पन आता तपासनी झाली ना जी?" दिवाकर गोंधळून म्हणाला.

"हाव, झाली," काका म्हणाले. "तपासनीले नाही. झोपाले येईन."