‘मिठाचं घड्याळ’ पाहिल्याचा दाखला

‘कृष्णधवल व कर्कश’ या समूहावर, म्हणजे जुने चित्रपट आणि रॉक संगीत यांच्या चाहत्यांच्या ऑनलाइन मेळाव्यात, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून चार मिनिटांनी एका नव्या सदस्येने विचारलं, “‘मिठाचं घड्याळ’ कुठे बघायला मिळेल?”

प्रश्न साधा होता. पण समूहाच्या नऊ वर्षांच्या इतिहासात तो पहिल्यांदाच विचारला जात होता. तीन तास चाळीस मिनिटांचा आणि दोनच संवादांचा हा कृष्णधवल चित्रपट म्हणजे समूहाचं दैवत. त्याच्यावर तिथे चारशेहून जास्त चर्चा झाल्या होत्या, दोन जुन्या मैत्र्या कायमच्या तुटल्या होत्या आणि एक लग्न जमलं होतं. तो बघायची गरज मात्र कुणाला पडली नव्हती. प्रश्न दोनशे अकरा जणांनी वाचल्याची नोंद दिसत होती आणि एकही जण बोलत नव्हता.

चष्मेवाल्याने तो आपल्या दुकानात वाचला. तेव्हा तो एका बाईंच्या फ्रेमची दांडी सरळ करत होता. ती नको तितकी सरळ झाली.

समूहावर चष्मेवाला ‘शेवटची रांग’ या नावाने ओळखला जाई आणि ‘मिठाचं घड्याळ’वरचा त्याचा अधिकार निर्विवाद होता. शेवटच्या प्रसंगात म्हातारा समुद्रात चालत जातो, त्यावर त्याने लिहिलेला लेख सदस्यांना तोंडपाठ होता. ‘म्हातारा बुडत नाही, तो रुजू होतो,’ हे त्यातलं वाक्य कितीतरी जणांनी आपल्या फोटोखाली लावलं होतं. घरी चष्मेवाल्याचं मत फक्त पंखा किती वेगाने ठेवायचा याबाबत विचारलं जाई आणि तेही मानलं जात नसे. इथे तो दोन ओळी खरडायचा आणि शंभर माणसं गहिवरायची.

वस्तुस्थिती अशी होती की चष्मेवाल्याने तो चित्रपट कॉलेजात असताना चाळीस मिनिटं पाहिला होता. मग त्याला झोप लागली. जागा झाला तेव्हा लोक खुर्च्या उचलत होते आणि बाहेर पायऱ्यांवर एक दाढीवाला विद्यार्थी शेवटाबद्दल बोलत होता. ते मात्र त्याने अगदी लक्ष देऊन ऐकलं होतं.

समूहाचे संस्थापक वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक होते. आयुष्यभर लोकांचे तराजू तपासल्यावर घरी तपासण्याजोगं काही उरलं नाही, म्हणून त्यांनी रसिकता हाती घेतली होती. सम तारखेला चित्रपट, विषम तारखेला रॉक आणि एकतीस तारखेला आत्मपरीक्षण, हा शिरस्ता त्यांचाच. दुपारी त्यांचं परिपत्रक आलं.

“सदर प्रश्नावरून समूहात चित्रपट न पाहिलेले सदस्य असल्याचे निदर्शनास येते. ही बाब गंभीर आहे. यास्तव सर्व सदस्यांची रसिकता पडताळणी करण्याचे योजिले आहे.”

“सर, मी नवीन आहे,” त्या सदस्येने लिहिलं. ती एका इस्पितळात नर्स होती. “मला फक्त तो बघायचा होता.”

“बघावासा वाटणे हाच न बघितल्याचा पुरावा होय,” निरीक्षकांनी कळवलं आणि त्यावर शंभर अंगठे पडले.

पडताळणी रॉकपासून सुरू झाली, कारण तारीख विषम होती. अर्जाच्या नमुन्यात रकाना होता : ‘बँड प्रसिद्ध होण्यापूर्वीपासून आवडत होता काय? नसल्यास तोवर काय करीत होता?’ एका तेवीस वर्षांच्या शिक्षिकेचा आवडता बँड तिच्या जन्माआधी तीस वर्षं फुटलेला होता. तिला आवड वारसाहक्काने आल्याचं वडिलांचं पत्र जोडायला सांगण्यात आलं. वडिलांना भजनं आवडायची. त्यांनी मुलीसाठी आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहून दिलं.

मग बँडच्या टी-शर्टांची पाळी आली. नवा टी-शर्ट म्हणजे नवी भक्ती, असं निरीक्षकांचं मत पडलं आणि किमान दोनशे धुण्यांची अट निघाली. एका बँकेतल्या कारकुनाने आपला कोरा टी-शर्ट एका रात्रीत सोळा वेळा धुतला, मग गच्चीत वाळत घातला आणि दर अर्ध्या तासाने जाऊन त्याची कूस बदलली. वाळेपर्यंत टी-शर्टावरचे चारही वादक ओळखू येईनासे झाले. त्याला ‘ज्येष्ठ श्रोता’ हा दर्जा मिळाला.

सम तारीख उजाडली आणि चित्रपटाची परीक्षा जाहीर झाली. वीस गुणांची. प्रश्नपत्रिका आणि आदर्श उत्तरं अर्थातच ‘शेवटची रांग’ यांनी काढायची होती.

“अहो, मग एकदा बघून टाका की तो पिक्चर,” बायको म्हणाली.

“आत्ता? नऊ वर्षं बोलून झाल्यावर?”

“त्यात काय झालं?”

“अगं, बघितल्यावर मत बदललं तर? लोकांना काय तोंड दाखवू?”

“लोकांनी तुमचं तोंड बघितलंय कुठे? रिकाम्या खुर्च्यांचा फोटो लावलाय ना तुम्ही तिथे?”

चष्मेवाला प्रश्नपत्रिका काढायला बसला. पहिल्या चाळीस मिनिटांवर त्याने तीन गुणांचे प्रश्न घातले आणि उरलेले सतरा गुण सगळेच्या सगळे समुद्रात लोटले. दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्याचा फोन आला. हा लिफ्ट दुरुस्त करणारा गडी समूहावरचा त्याचा सगळ्यात जवळचा मित्र. लेख वाचून त्याने डाव्या दंडावर समुद्रात जाणारा म्हातारा गोंदवून घेतला होता.

“काय रे, तुला शेवट नीट आठवतोय ना?” लिफ्टवाल्याने विचारलं.

“आठवतोय म्हणजे काय! तुला?”

“माझ्या तर दंडावरच आहे लेका.”

“हो, ते आहेच.”

“पण म्हाताऱ्याचा चेहरा कसा असतो रे तेव्हा? गोंदणाऱ्याने विचारलं होतं. मी म्हटलं, पाठमोराच काढ.”

“पाठमोराच असतो,” चष्मेवाला घाईने म्हणाला. “ताकदच ती आहे त्या प्रसंगाची.”

“मीपण तेच म्हटलं त्याला.”

दोघांनाही हायसं वाटलं आणि दोघांनीही फोन लगेच ठेवला.

शुक्रवारी नर्सचा संदेश आला. “सापडला! एका जुन्या ग्रंथालयाच्या साइटवर फुकट आहे. काल सुट्टीत पाहिला. फार आवडला. शेवटी म्हातारा पाण्यापर्यंत जातो, चपला हातात घेतो आणि परत येतो. घरी येऊन घड्याळावरचं मीठ पुसतो आणि जेवायला बसतो. मला रडूच फुटलं.”

पाच मिनिटांत समूह पेटला.

“परत येतो??”

“जेवायला बसतो म्हणजे? एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाच्या चित्रपटात कुणी जेवतं का?”

“ताई, तुम्ही दुसरा कुठलातरी बघितला असेल. कौटुंबिक.”

“शेवट संपल्यानंतरही या बघत राहिल्या असतील. तो भाग धरत नाहीत.”

“माझ्या दंडाचं काय?” लिफ्टवाल्याने विचारलं.

निरीक्षकांनी नर्सकडे खुलासा मागितला. आपण हे कशाच्या आधारे म्हणता?

“मी पाहिलाय सर.”

“पाहताना दोन साक्षीदार उपस्थित होते काय?”

“माझी मांजर होती.”

“मांजर समूहाची सदस्य आहे काय?”

मतदान झालं. समुद्राच्या बाजूने एकशे शहाऐंशी, जेवणाच्या बाजूने एक, तटस्थ चोवीस. तज्ज्ञ म्हणून चष्मेवाल्याला मत नव्हतं. निरीक्षकांनी ठराव नोंदवला : “चित्रपट व ठराव यांत विसंगती आढळल्यास ठराव ग्राह्य धरावा. तज्ज्ञांचा अभिप्राय रविवार सायंकाळपर्यंत येताच सदर सदस्येचे नाव कमी करण्यात येईल.” अभिप्राय काय येणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

शनिवारी नर्सने चष्मेवाल्याला खासगीत लिहिलं. “काका, तुम्ही तर बघितलाय ना? तुम्ही सांगा ना त्यांना. वॉर्डात दिवसभर सलाईन आणि ताप सोडून कुणी काही बोलत नाही हो. इथे बरं वाटत होतं.”

‘काका’ हा शब्द त्याला लागला. पण त्याहून ‘बघितलाय ना’ जास्त लागलं.

रविवारी दुपारी दुकान बंद होतं. चष्मेवाल्याने बैठकीच्या खोलीचे पडदे ओढले, बायकोला शेजारी बसवलं आणि ‘मिठाचं घड्याळ’ लावला. बायको विसाव्या मिनिटाला झोपली. चाळिसावं मिनिट आलं तेव्हा चष्मेवाला परक्या मुलखात शिरल्यासारखा ताठ बसला. पुढचं सगळंच त्याला नवीन होतं. शेवटी म्हातारा पाण्यापर्यंत गेला, थबकला, चपला हातात घेतल्या आणि परत फिरला. तोंड कॅमेऱ्याकडे करून सबंध चार मिनिटं चालत आला. मीठ पुसलं. ताट घेऊन बसला. चष्मेवाला स्वतःचा चष्मा पुसायला लागला, पण ओल काचेवर नव्हती.

बायको जागी झाली. “संपला? बुडला का हो?”

“नाही. जेवायला बसला.”

“चला, बरं झालं बाई,” असं म्हणून ती चहा ठेवायला गेली. नऊ वर्षांत त्या चित्रपटावर कुणी इतकं नेमकं बोललं नव्हतं.

संध्याकाळी चष्मेवाल्याने अभिप्राय दिला. “नर्सताईंचं बरोबर आहे. म्हातारा परत येतो. मी आज पहिल्यांदाच पूर्ण चित्रपट पाहिला. माझा लेख चुकीचा आहे. चित्रपट त्याच्यापेक्षा खूपच चांगला आहे. सगळ्यांनी बघा.”

आता सगळे चित्रपट बघतील, अशी त्याची भाबडी समजूत होती. पण सगळ्यांनी लेख पुन्हा वाचला आणि लेखाचा कर्ता असं लिहिणं शक्यच नाही, यावर एकमत झालं.

“आपले खाते अनधिकृत इसम वापरीत असल्याचा संशय आहे,” निरीक्षकांनी कळवलं. “आपण ‘शेवटची रांग’ असल्यास ते सिद्ध करावे. परीक्षा तयार आहेच.”

अशा रीतीने चष्मेवाला स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिकेला बसला. चित्रपट नुकताच पाहिलेला असल्याने त्याने सगळी उत्तरं प्रामाणिकपणे लिहिली. निरीक्षकांनी ती त्याच्याच आदर्श उत्तरांशी ताडून पाहिली. वीसपैकी तीन गुण पडले.

“अरे, तू कोण आहेस ते मला माहीत नाही,” लिफ्टवाल्याने लिहिलं, “पण माझा मित्र असं कधी बोलला नसता.”

सात वाजता चष्मेवाला आणि नर्स यांची नावं एकाच आदेशाने कमी करण्यात आली. लेख मात्र समूहाची ठेव म्हणून वर टाचून ठेवला.

पहिला दिवस चष्मेवाल्याला हलकं हलकं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला दिग्दर्शकाच्या छायाप्रकाशाबद्दल सांगायला सुरुवात केली. तिने पंखा दोनवर करायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी त्याने गिऱ्हाइकांना सांगून पाहिलं. चौथ्या दिवशी तो नुसताच फोनकडे बघत बसला. पाचव्या दिवशी त्याने ‘मधली रांग’ या नावाने नव्या सदस्यत्वाचा अर्ज केला.

परीक्षा तीच होती. त्याला वीसपैकी वीस गुण पडले. समूहाच्या इतिहासात हे प्रथमच घडत असल्याने निरीक्षकांनी खास अभिनंदन केलं. म्हातारा समुद्रात कसा उतरतो, यावर ‘मधली रांग’ने दोन ओळी लिहिल्या. शंभर माणसं गहिवरली.

“वा!” लिफ्टवाल्याने लिहिलं. “माझा एक मित्र होता, अगदी त्याची आठवण झाली. कुठे असता आपण?”

समूहावरच्या त्या शिक्षिकेकडून नर्सला ‘मधली रांग’बद्दल कळलं. तिने खासगीत विचारलं, “काका, ते तुम्हीच ना? म्हातारा परत येतो, हे तर तुम्ही बघितलंय.”

“बघितलंय. तुमचंच बरोबर होतं.”

“मग तिकडे असं का लिहिलंत?”

“तिकडे माणसं आहेत,” चष्मेवाल्याने लिहिलं.

तेवढ्यात दुकानात एक गिऱ्हाईक आलं, म्हणून त्याला पुढे काही लिहिता आलं नाही. चांगलं शिकलेलं, नीटनेटकं, हातात पुस्तक असलेलं गिऱ्हाईक. चष्मेवाल्याने त्याला खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवली, भिंग सरकवलं आणि समोरच्या तक्त्यावरची खालून दुसरी ओळ वाचायला सांगितली.

गिऱ्हाईक काही क्षण तक्त्याकडे बघत राहिलं. मग हळूच चष्मेवाल्याकडे झुकून म्हणालं, “बाकीचे लोक काय वाचतात?”

चष्मेवाल्याने सांगितलं. गिऱ्हाइकाने ती ओळ न अडखळता, खणखणीत आवाजात म्हणून दाखवली, चष्म्याचा नंबर घेतला आणि समाधानाने निघून गेलं.

पावतीवर नाव लिहायचं राहून गेलं. चेहरा ओळखीचा वाटला एवढंच. तुम्ही नव्हतात ना?