एक प्लग, दोन चिठ्ठ्या

वर्ननने कॉफीचा अख्खा पेला आपल्या लॅपटॉपवर सांडला, तेव्हा ऑफिसात डोकं ठिकाणावर असलेली एकटी डार्लीन होती.

"मेलो!" वर्नन ओरडला. "दोन वाजता पालिकेत नाल्याचा नकाशा द्यायचाय. नाही दिला तर पलीकडच्या गावातले लोक काम घेऊन जातील. दोन महिने बर्फात कुडकुडत मोजणी केलीय आपण!"

"बोंबलू नका. पुसा आधी. कालपर्यंतचं सगळं सर्व्हरवर आहे."

या दिवसाची ती वाट बघत होती असं म्हणणं बरं दिसत नाही, पण बघत होती. मॅनिटोबातल्या या जमीनमोजणीच्या ऑफिसात माणसं तीन, आणि सर्व्हर आणायचा हट्ट तिचा. यंत्र पावाच्या डब्याएवढं. दिवसा त्यातून सगळ्यांना एकमेकांच्या फायली मिळायच्या आणि रात्री दोनला ते आपणहून प्रत्येक कॉम्प्युटरची नक्कल करून ठेवायचं. त्यापायी वर्ननला तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडायच्या नव्या यंत्रावर पाणी सोडावं लागलं होतं. मासेमारीवर जीव असलेला तो सासष्ट वर्षांचा मालक तेव्हापासून सर्व्हरला 'डार्लीनचा डबा' म्हणायचा.

"आता बघा डब्याची करामत," म्हणत तिने नकला उघडल्या. शेवटची नक्कल नऊ नोव्हेंबरची. आज बावीस जानेवारी. नकाशा काढलाच होता नव्या वर्षात.

डार्लीनचं तोंड पडलं. "अहो, नक्कल झाली नाही की तुम्हाला मेल येतो! मालक म्हणून तुमचंच नाव दिलंय."

"ते 'तातडीचे' म्हणून रोज यायचे ते? रोज तातडीचं काय असणार? मला वाटलं जाहिरात. पुसून टाकायचो."

तिने कपाळावर हात मारला आणि सर्व्हर जिथून आणला त्या विनिपेगच्या दुकानात फोन लावला. पलीकडच्या माणसाने एवढंच विचारलं, "बाई, रात्री यंत्र चालू असतं ना?"

"न असायला काय झालं? ते रात्रंदिवस चालूच असतं!"

"रात्री?" दारात बूट झटकणारा ॲल्विन म्हणाला. ॲल्विन म्हणजे मोजणीवर जाणारा गडी, वय अठ्ठावन्न, डार्लीनचा चुलतभाऊ. "रात्री कसं असेल चालू? रात्री तिथे ट्रक असतो."

डार्लीनने फोन ठेवला. "काय म्हणालास?"

"मागच्या खोलीत खिडकीखाली एकच प्लग आहे, ताई. संध्याकाळी तुझा डबा काढतो, ट्रकचं इंजिन गोठू नये म्हणून त्याची वायर लावतो. सकाळी ट्रक काढतो, डबा लावतो. थंडी पडल्यापासून एक दिवस चुकलेलो नाही."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

ॲल्विनने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे प्लास्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी होती: 'शेवटी जाणाऱ्याने ट्रक प्लगला लावावा. सबब चालणार नाही. — डार्लीन.' तिच्याखाली दुसरी: 'एका प्लगवर दोन वस्तू लावू नयेत. फ्यूज उडतो. — डार्लीन.'

"दोन्ही पाळल्या," तो म्हणाला.

"अरे, पण विचारायचंस तरी!"

"सबब चालणार नाही म्हणतेस. विचारायचं कसं?"

तिला रडावं की त्याच्या डोक्यात काहीतरी घालावं, कळेना. साडेबारा वाजले होते. तेवढ्यात वर्नन घसा खाकरून म्हणाला, "कागदावरचा चालेल का?"

"कागद कुठला? सप्टेंबरपासून छपाई बंद आहे." भिंतीवर तिचीच तशी तिसरी चिठ्ठी होती.

"म्हणूनच बोललो नाही. पण शनिवारी छापला एक. मासा लागेपर्यंत तळ्यावरच्या झोपडीत बघत बसायला." त्याने खिडकीतून गाडीकडे बघितलं. "मग पिकरेल मासे लागले. गुंडाळायला दुसरं काही नव्हतं."

माशांची पेटी त्याच्या गाडीतच होती. तिघांनी मिळून चार गोठलेल्या माशांवरून नाल्याचा नकाशा हलक्या हाताने सोडवला आणि हीटरवर वाळत घातला. ऑफिसात असा वास सुटला की खिडकी उघडावी लागली, तीही उणे बत्तीसात.

दोनला पाच कमी असताना पालिकाप्रमुख थीसनबाईंनी नकाशा उलगडला आणि नाक मुरडलं. "हा वास कसला?"

"नाल्याचा," वर्नन म्हणाला.

बाईंनी प्रत्येक रेघेवरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि काम त्यांना दिलं. "फाइल पाठवून द्या आमच्या कॉम्प्युटरवर."

"कागदच ठेवा," डार्लीन पटकन म्हणाली. "कागदाचा भरवसा असतो."

वर्ननने तिच्याकडे एकदा बघितलं आणि तो शहाण्यासारखा गाडीकडे निघाला.

साडेपाचला ॲल्विन बर्फावरचं कर्लिंग खेळायला गेला आणि शेवटी जाणारी डार्लीनच उरली. दुसरा प्लग बसवायला वायरमन गुरुवारी येणार होता आणि आज मंगळवार. सकाळी सातला ट्रक निघालाच पाहिजे. मागच्या खोलीत ती बराच वेळ दोन वायरी हातात धरून उभी राहिली. मग पुढे आली, छपाईबंदीची चिठ्ठी भिंतीवरून ओरबाडली आणि चालू कामाच्या सगळ्या फायली छापून काढल्या. मागे जाऊन डब्याचा प्लग काढला. हिरवा दिवा विझला. ट्रक लावला.

वर्ननची पेटी दाराशीच पडली होती. तिने ती घासूनपुसून त्यात कागद भरले, झाकण लावलं आणि वर नवी चिठ्ठी चिकटवली: 'यात मासे ठेवू नयेत. सबब चालणार नाही. — डार्लीन.'