तांबट आळीचा अँटेना आणि आमचा अबोला

आमच्या तांबट आळीत टीव्हीवर चित्र यायचं ते माझ्या आणि माझ्या धाकट्या भावाच्या, वामनच्या, अबोल्यावर. आम्ही एकमेकांशी बोललो की चित्र जाणार, असा हिशोब होता. यात नवल काही नाही. पण बाहेरगावचा माणूस आला की त्याला मुळापासून सांगावं लागतं, म्हणून सांगतो.

आमचं गाव खोलगट, तिन्ही बाजूंनी डोंगर. घरावर डिशची छत्री बसवली की माकडं ती संध्याकाळपर्यंत उपटून नेतात. कशाला, ते त्यांनाच ठाऊक. केबलवाला एकदा आला होता. त्यानं चढ बघितला, चहा प्यायला आणि गेला. मग पलीकडच्या डोंगरावर डिजिटल प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला आणि आळीनं मिळून एक मोठा अँटेना आणला. आमचं घर आळीत सगळ्यांत उंच, खाली मी आणि वर वामन, म्हणून तो आमच्या गच्चीवर बसवला आणि तिथून घरोघर वायरी ओढल्या.

चित्र काही येईना. जुन्या टीव्हीचं एक बरं होतं. मुंग्या दिसायच्या, पण मुंग्यांच्या आड कोण रडतंय एवढं तरी कळायचं. डिजिटलचं तसं नाही. आलं तर लख्ख येईल, नाहीतर चौकोन चौकोन होऊन जागच्या जागी थिजेल. आम्ही खांब उंच केला. वायर बदलली. जातीचे तांबट आम्ही, तेव्हा तांब्याच्या दांड्या ठोकून लावल्या, मागे परातीएवढा पत्रा बसवला. छे! शेवटी मी आणि वामन गच्चीवर चढलो आणि अँटेनाच्या दोन अंगांना उभे राहिलो. मी म्हणालो, "डावीकडे फिरव." तो म्हणाला, "उजवीकडे." शब्दानं शब्द वाढत गेला. तो म्हणाला, "दादा, तुला जन्मात कुणाचं ऐकायचं नसतं." मी म्हणालो, "आजपासून माझ्याशी बोलू नकोस." तो म्हणाला, "नाही बोलत जा." आणि खालून आळीभर ओरडा झाला, "आलं, आलं! कुणी हात लावू नका!"

आम्ही समोरासमोर उभे होतो. माझं डावं ते त्याचं उजवं. म्हणजे दोघं एकच दिशा सांगत होतो. हे त्याच संध्याकाळी माझ्या बायकोच्या, सुलभाच्या लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, एवढ्यासाठी भांडलात?" मला माझीच लाज वाटली. मी वर जायला उठलो, तर दारात अंबूताई करडे. अंबूताई म्हणजे आळीतलं वडीलधारं माणूस, तिच्यापुढं कुणाची टाप नाही. ती म्हणाली, "मुरली, समेट कर बाबा, चांगली गोष्ट आहे. फक्त ही मालिका संपू दे."

ती मालिका अजून चालू आहे.

पुढं प्रक्षेपण कचेरीकडून तपासनीस आले. होनकळसे त्यांचं नाव. शांत गृहस्थ. त्यांनी सिग्नल मोजायचं मीटर आधी माझ्या तोंडासमोर धरलं, मग वर जाऊन वामनच्या तोंडासमोर धरलं आणि खाली येऊन खुर्चीवर बसले.

"राग आहे की नुसतं बोलत नाही?" त्यांनी मला विचारलं.

मी गोंधळलो. "बघून सांगतो," म्हणालो.

"सांगायची आवश्यकता नाही. कचेरीला कारणाशी कर्तव्य नाही. दोन सख्ख्या माणसांच्या मधली हवा मोकळी असली पाहिजे, एवढंच. तिथं शब्द फिरायला लागले की सिग्नलला वाट मिळत नाही."

"निरोप पाठवलेला चालतो का?" सुलभानं विचारलं.

"तिसऱ्याच्या तोंडून चालतो. खोकला चालतो. एकाला शिंक आली तर दुसऱ्यानं मात्र काही म्हणू नये."

बाकीच्यांनी स्वतःचे अबोले लावून बघितले नाहीत असं नाही. कासार नवरा-बायकोचा अबोला दुपारभर छान चालला, पण रात्री भात कमी पडला आणि चित्र गेलं. पोटफोड्यांच्या सासू-सुनेनं प्रयत्न केला, तर नुसता आवाज आला, चित्र नाही. होनकळशांनी स्पष्टच सांगितलं की सख्ख्या भावांच्या अबोल्याला तोड नाही. अंबूताई येणाऱ्या-जाणाऱ्याला आमच्या घराकडं बोट दाखवून कौतुकानं सांगायची, "आमच्या वडक्यांच्यात विस्तव जात नाही हो!" दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथं तर सबंध आळीचा लाभ. दिवाळीला आम्हाला दोन्ही मजल्यांवर फराळाची ताटं यायची, वेगवेगळी.

माझं म्हणाल तर मला काही उमजेनासं झालं होतं. मी वामनवर रागावलोय, की रागाची नोकरी करतोय? सकाळी जिन्यात तो दिसला की तोंडाशी "काय रे" यायचं, मी ते गिळायचो. तोही काहीतरी गिळायचा, गळ्याची हालचाल दिसायची. गिळलेलं जातं कुठं, देव जाणे.

वामनची बायको शैला वारली, तेव्हा मी त्याच्या शेजारी बसून होतो. त्याचा हात हातात धरला होता. बोललो नाही. त्या दिवशी आळीनं दुखवटा म्हणून सगळे टीव्ही बंद ठेवले होते. बोललो असतो तरी चाललं असतं. पण हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही आणि आमच्याही डोक्यात आलं नाही. त्याचा मला अजून राग येतो. कुणाचा, ते विचारू नका.

त्यांची मुलगी शलाका. वरच्या मजल्यावर जन्मली आणि खालच्या मजल्यावर वाढली म्हणा ना. आमचे निरोप तीच न्यायची-आणायची. "काका, बाबा म्हणतायत, मोटार लावू का?" "बाबा, काका म्हणतायत, लाव." मला मूलबाळ नाही. पोरीनं लहानपणी माझ्याच मांडीवर तांब्याच्या कातरणांची बाहुली केली होती.

या शलाकाचं लग्न ठरलं आणि पंचाईत झाली. वामन विधुर. आमच्यात विधुरानं कन्यादानाला बसायचं नसतं, जोडपं लागतं. म्हणजे मी आणि सुलभा. सुलभानं ऐकल्या ऐकल्या शालू उन्हात टाकला. पण "माझ्या मुलीच्या कन्यादानाला बसा" हे मुलीच्या बापानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं, आणि बसणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं "बसतो" म्हणायचं असतं. निरोपानं बसलेल्याचं दान लागत नाही, असं आमच्या समाजात मानतात.

त्यात मालिका ऐन रंगात आलेली. हरवलेलं मूल सापडणार होतं.

अंबूताईच्या ओसरीवर बैठक बसली. मी आणि वामन दोघंही हजर असल्यामुळे दोघांनाही बोलता येत नव्हतं. असं झालं की आमचं मत धरत नसत. होनकळशांना मुद्दाम बोलावलं होतं.

"साहेब, एकच वाक्य बोलले तर?" सुलभानं विचारलं.

"एकच वाक्य कुणी बोलत नाही, बाई," होनकळसे म्हणाले. "सहा वर्षांचा साठा आहे. बूच निघालं की निघालं."

"मग पुण्याचा चुलतभाऊ आहे ना यांचा," कासार म्हणाले. "तो सपत्नीक आहे. बसेल की."

"मागच्या खेपेला त्यानं शलाकाला शीतल म्हणून हाक मारली," सुलभा म्हणाली.

"नाव गुरुजी सांगतात," कासार म्हणाले.

चुलतभावाच्या बाजूनं हात वर झाले. सगळे झाले, अंबूताईचा सगळ्यांत शेवटी. ती माझ्याकडं बघत नव्हती. तेवढ्यात शलाका मागून उठली. "काका-काकू बसले नाहीत तर मी बोहल्यावर उभीच राहणार नाही," म्हणाली, "मग बसा सगळे मालिका बघत." आणि तरातरा निघून गेली. होनकळसे म्हणाले, "वधूचं म्हणणं कचेरीच्या कक्षेत येत नाही." बैठक संपली.

मी घरी येऊन ऐरणीपुढं बसलो. घंगाळ घडवायचं होतं. ठोके चुकत होते. मला वाटत होतं, वामननं येऊ नये. आणि तो आला नाही तर मी मरेन, असंही वाटत होतं. सुलभानं विचारलं, "काय होतंय?" मी म्हणालो, "कळत नाही गं." तिनं माझ्या हातातला हातोडा काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वामन खाली उतरला. हातात ताट, ताटात अक्षत, नारळ आणि सुपारी. डोक्याला टोपी. जिन्यावरचा पाय मी ओळखला. त्याच्या मागं आळी होती. कुणी आंघोळ अर्धी टाकून आलेलं, कुणाच्या हातात झारा. घराघरांतून सकाळचा भाग ऐकू येत होता, आवाज खणखणीत.

"वामन, लेकरा, विचार कर," अंबूताई म्हणाली. "मूल आज सापडतंय रे."

वामन माझ्यासमोर उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"दादा," तो म्हणाला.

घरांतले सगळे आवाज एकदम बंद पडले. आळीनं "हाऽऽ" केलं. कुणीतरी म्हणालं, "चौकोन झाले." कुणीतरी घराकडं पळालं.

"दादा," वामन म्हणाला, "माझ्या शलाकाच्या कन्यादानाला तू आणि वहिनी बसा."

मला "बसतो" म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर भलतंच बाहेर पडलं. "जेवलास का?" मी म्हणालो. सकाळचे नऊ वाजले होते.

"नाही," तो म्हणाला. "शैला गेल्यापासून नीट जेवलोच नाहीये, दादा."

मग आम्ही दोघंही रडलो. चांगले मोठमोठ्यानं रडलो, लाज न बाळगता. रडता रडता मी "बसतो, बसतो" असं कितीदा म्हणालो ते मला आठवत नाही. सुलभानं दोघांच्याही पाठीवर धपाटा घातला आणि पोह्यांना फोडणी द्यायला आत गेली.

आळी दारात उभी होती. अंबूताईनं आमच्याकडं बघितलं. ती काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तिनं पदर सावरला आणि एक अक्षर न बोलता वळली. तिच्या मागून कासार वळले, पोटफोडे वळले. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दुपारपर्यंत हे पक्कं झालं की तांबट आळी वडक्यांशी बोलत नाही. वाण्यानं सुलभाला साखर दिली, पण मुकाट्यानं.

आणि संध्याकाळी चित्र आलं. आलं म्हणजे असं आलं, की याआधी तसं कधी नव्हतं आलं. नटीच्या डोळ्यांतलं पाणी मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. मनोऱ्यावरून जेवढं सुटतं तेवढं सगळं आलं, शिवाय कुठल्या तरी परदेशातल्या मेंढ्यांचा कार्यक्रम. होनकळसे धावत आले. त्यांनी मीटर आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं आणि घाम पुसत माझ्यापाशी आले.

"सामुदायिक अबोला," ते म्हणाले. "माझ्या उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. वडके, आता एक करा. कुणाची समजूत काढायला जाऊ नका."

"लग्न आहे हो आमच्याकडं," मी म्हणालो.

"शुभेच्छा," ते म्हणाले. "मी बाहेरगावचा, मला बोलायला हरकत नाही."

लग्न ठरल्या दिवशी झालं. वराकडची मंडळी झाडून आली. आमच्या बाजूला मी, सुलभा, वामन आणि पुण्याचा चुलतभाऊ. त्यानं आहेराच्या पाकिटावर शीतल असं लिहून आणलं होतं. जिलेबी आळीच्या अंदाजानं केलेली, ती परातींतून तशीच राहिली. मी शलाकाचा हात धरून पाणी सोडलं, ते निम्मं पाटावरच सांडलं. तिनं हळूच विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?" मी म्हणालो, "काय वाटतंय तेच कळत नाही गं पोरी, पण खूप वाटतंय."

पाठवणीला आम्ही तिला घेऊन आळीतून चाललो. सगळी दारं उघडी होती आणि प्रत्येक दारात माणसं उभी होती, पण शब्द नव्हता. शलाका अंबूताईच्या पाया पडली. अंबूताईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, खणानारळानं तिची ओटी भरली, तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि हुंदका आत दाबला. तिच्या मागं टीव्हीवरचं चित्र तसूभरही हललं नाही.

गाडी गेली. मी आणि वामन घरी आलो. सुलभानं आमच्यापुढं जिलेबीचं ताट ठेवलं आणि टीव्ही लावला. मालिका चालू होती, हरवलेलं मूल आईला सगळं सांगत होतं. वामन बोलायला लागला. शैलाचं दुखणं सांगितलं, भट्टीचा भाता फुटला होता ते सांगितलं, गुडघा कधीपासून धरला ते सांगितलं. मुलानं आईला काय सांगितलं ते मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मी टीव्हीचा आवाज वाढवला नाही.