चौदा दिवसांचं वर्ष

तीन वर्षांच्या शोधानंतर हाविएराबाईंना ग्रह सापडला. दिसला मात्र नव्हता. आपल्या सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याचा प्रकाश वेधशाळेच्या यंत्रात आठवडाभर इकडे सरके, आठवडाभर तिकडे. म्हणजे कुणी थोराड ग्रह चौदा दिवसांत फेरी मारत त्याला सेकंदाला साठ मीटर वेगानं मागेपुढे ओढत होता.

"काका, नाव तुम्ही सुचवा," त्या एलादिओला म्हणाल्या. यंत्राची खोली तोच राखायचा. सात दिवस डोंगरावरच्या वेधशाळेत, सात दिवस खोऱ्यातल्या घरी, अशी त्याची सव्वीस वर्षं गेली होती.

"नोल्फा," तो कानापर्यंत लाल होत म्हणाला.

नोल्फा म्हणजे बायको. 'तुझी आठवण येते' एवढंही तिला त्यानं कधी म्हटलं नव्हतं.

बातमी खोऱ्यात उतरली. भट्टीवाल्यानं 'नोल्फा' नावाचे गोल पाव काढले. "थोराड ग्रह म्हणे! नाव बाकी शोभतंय हो," शेजारणी म्हणाल्या. नोल्फा मिरवत होती. मेजवानीसाठी एलादिओला तीन आठवड्यांची रजा मिळाली.

आणि ग्रह गेला! तारा खिळा ठोकल्यासारखा उभा.

एलादिओ परतला, तसा तारा पुन्हा हलला. बाईंनी ताऱ्याचा आलेख त्याच्या पाळ्यांच्या तक्त्याशेजारी ठेवला आणि संध्याकाळी सहाला यंत्राची खोली उघडली. यंत्राला पाठ टेकून एलादिओ बसला होता. यंत्राच्या झाकणावर वाफाळती किटली, पाव, कुस्करलेला अ‍ॅव्होकाडो आणि दोन कप.

"अहो काका! इथे अर्ध्या अंशाची ऊब चालत नाही, तेवढ्यानं यंत्रातला प्रकाश सरकतो!"

"ओन्से एकट्यानं घ्यायचा नसतो, बाई. संध्याकाळचा चहा तो. सहाला ती तिकडे किटली ठेवते, मी इकडे. यंत्र काही बोलत नाही, पण सोबत होते."

"म्हणजे माझा ग्रह तुमची किटली?" बाई मटकन खाली बसल्या आणि त्यांनी कप ओढला.

"तो नको, तिचा आहे," एलादिओनं स्वतःचा पुढे केला. "तिला आता काय सांगू? स्वतःच्या नावाचे पाव वाटून आलीय ती."

"खरं ते सांगा. उद्या मला साऱ्या जगाला सांगायचंय."

त्यानं फोन लावला.

"म्हातारे, तिथं ग्रहबिरह नाही गं."

"मग काय होतं, म्हाताऱ्या?"

"मला... तुझी आठवण यायची. ती यंत्रात उमटत होती."

पलीकडे उकळती किटली उतरवल्याचा आवाज आला.

"किती?"

एलादिओनं बाईंकडे पाहिलं. त्या कुजबुजल्या.

"सेकंदाला साठ मीटर," तो म्हणाला.

"एवढीच?" नोल्फा म्हणाली.