देवाचा सासरा

बसलिंगप्पा दर वर्षी श्रीशैलच्या डोंगरावर दोन दिवस राहायचे आणि त्या दोन दिवसांत तिथल्या पाण्याचा थेंबही प्यायचे नाहीत. उपास नव्हता की नवस नव्हता. कुणी कारण विचारलं, तर विचारणाऱ्याला घरच्यांनी काही रीतभातच शिकवलेली नाही अशा नजरेनं त्याच्याकडे बघायचे. "लेकीच्या घरचं पाणी पेत्यात का कुठं?"

आमच्या बिदर-कलबुर्गीकडे अशी समजूत आहे की श्रीशैलची देवी भ्रमरांबा ही आपल्या मुलखाची लेक आणि मल्लिकार्जुन आपला जावई. म्हणून पाडव्याआधी माणसं झुंडीनं चालत निघतात, लेकीला माहेरची साडीचोळी घेऊन. शिवाय लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरी अन्नपाणी घ्यायचं नाही, ही जुनी रीत. हे सगळेच मानतात. पण मानायचं किती, याला काही धरबंध असतो. बसलिंगप्पांना तो नव्हता.

मी एकदा त्यांना पेचात धरायला गेलो. "अप्पा, देवीला गणपती झाला, कार्तिकस्वामी झाला. दोन दोन नातू हाईत की तुमाला. आता काय हरकत?"

"मला बारशाला बोलावलं हुतं का?" ते म्हणाले. "बोलावणं न्हाई, तवर नातू झाला असं म्या धरत न्हाई."

माझं भालकीच्या बाजारात कापडाचं दुकान. महाशिवरात्र झाली की बसलिंगप्पा त्यांच्या गावाहून, निर्ण्याहून, बस धरून यायचे आणि अर्धा दिवस गादी अडवून बसायचे. हिरवं पातळ दाखवलं की हात झटकायचे. "हिरवा आवडत न्हाई तिला." मी म्हणायचो, देवीला सगळे हिरवंच नेतात. "तिचा बाप तू हाईस का मी?" मग मोहरीच्या फुलासारखी पिवळी, लाल काठाची साडी निघायची. ती ते स्वतःच्या कानापासून जमिनीपर्यंत धरून बघायचे. "पोरगी उंच हाय. आखूड पडली तर बरं दिसत न्हाई." देवीची उंची यांना कुणी कळवली, असं मनात म्हणत मी गालातल्या गालात हसायचो.

त्या वर्षी त्यांनी तशाच दोन साड्या घेतल्या. दुसरी कुणाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू घडी घाल. आन नुसतं कापड इकून काय करायलास? चल की संगं." दुकानात नुकताच मोबाईल आला होता, तो भावाच्या हातात दिला. बायको म्हणाली, "जावा, पोट तरी उतरंल." आणि मी निघालो.

काय ते दिवस! पहाटे हलगी वाजली की अंगात वारं शिरायचं. "उघे उघे मल्लय्या!" अशी आरोळी पुढून यायची आणि मागच्या शेवटच्या माणसापर्यंत जायची. गावोगाव लोक ताक आणि कलिंगडाच्या फोडी घेऊन रस्त्यावर उभे. कृष्णा ओलांडली तेव्हा तर मी, आयुष्यात कधी हलगीवर पाय न हलवलेला माणूस, पुलावर नाचलो. तिसऱ्या दिवशी तळपायाला फोड आले. बसलिंगप्पा म्हणाले, "पाय बोलायलेत व्हय? बोलू दे. तू ऐकू नगस." स्वतः साठीचे, अनवाणी, आणि चाल अशी की आम्ही मागं धापा टाकत.

वाटेत काहीही गैरसोय झाली, की खापर जावयावर. ऊन लागलं, विहीर आटलेली निघाली, पायात काटा मोडला, सगळ्याला एकच वाक्य: "जावई बरा हाय, पण घरात लक्ष न्हाई."

जंगलात भीमनकोळ्ळची खोल दरी लागते. तिच्या तळाशी ओढा. बसलिंगप्पा तिथं पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा भरायला गेले. वर कैलासद्वार, म्हणजे त्यांच्या हिशेबानं लेकीचा उंबरा. त्यापुढं दोन दिवस हे पाणी आणि घरच्या कडक भाकरी. ते ओढ्यावर असताना आमच्यातली म्हातारी काशक्का माझ्याशेजारी टेकली. ती त्यांच्या गल्लीतलीच.

"दुसरं पातळ कुणाचं, ठावं हाय का तुला?" ती म्हणाली. "सुनंदाचं. पोटची लेक त्याची."

मला त्यांना लेक आहे हेच माहीत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी मोबाईलचे टॉवर उभे करायला हुमनाबादेत एक तेलुगू पोरगा आला होता. सुनंदानं त्याच्याशी परस्पर लग्न केलं आणि हैदराबाद गाठलं. बाप रागावला नाही, शिव्या दिल्या नाहीत, फक्त बोलायचा थांबला.

"मनासारखी साडी नेसवून लेक सासरी वाटे लावायची राहिली बग त्याची. तवापास्नं देवीला नेतोय. पोरगी ही उंच, दारात वाकावं लागायचं तिला. पिवळ्याचं येड." काशक्कानं कनवटीची चिठ्ठी दाखवली. "पत्ता हाय माझ्याकडं. दर वरसी परतताना हैदराबादला बस बदलतो आमी. म्या म्हंते, चल. त्यो म्हंतो, पुढल्या वरसी. औंदा साडी तरी घेतलीय. बगू."

दुकानात हसलो होतो त्याची लाज वाटली.

कैलासद्वाराची चढण बसलिंगप्पा एका दमात चढले. वर पोचल्यावर धोतर झटकलं, टोपी सरळ केली आणि व्याह्यांच्या घरी शिरावं तसे आत शिरले. गाभाऱ्यात त्यांनी जावयाला धारेवर धरलं. "किती ह्या पायऱ्या! म्हाताऱ्या सासऱ्याचा इचार करायचा का न्हाई?" पुजारी "जरगंडी, जरगंडी" करत पुढं ढकलतोय आणि हे ओरडतायत, "आरं, सासरा हाय मी!" रांगेतली माणसं पोट धरून हसली. देवीला एक साडी अर्पण झाली. दुसरी पिशवीतच राहिली.

हैदराबादच्या स्टँडवर बिदरची बस लागलेलीच होती. बसलिंगप्पा खिडकीशी जाऊन बसले, पिशवी मांडीवर. काशक्कानं कनवटीची चिठ्ठी चाचपली. कंडक्टरनं घंटी मारली, बस हलली. गेलं, हे वर्षही गेलं!

"थांबीव! थांबीव म्हंतो ना!"

अख्खी बस दचकली. बसलिंगप्पा उभे होते, आणि काशक्का चिठ्ठी हातात धरून त्यांच्याआधीच दाराशी पोचली होती.

सुनंदाचं घर तिसऱ्या मजल्यावर. कैलासद्वार एका दमात चढलेला हा माणूस जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत होता. "पाय बोलायलेत रं," ते म्हणाले. मी म्हणालो, "बोलू द्या. तुमी ऐकू नका."

दार उघडलं. ती खरंच उंच होती. कडेवर वर्षाचं पोर. बसलिंगप्पांनी साडी काढून पुढं केली. "आखूड पडायची न्हाई," एवढंच म्हणाले. सुनंदानं ती छातीशी धरली आणि भडभडून रडायला लागली.

जावयाला आमची रीत कुठली ठाऊक? तो बिचारा धावत आत गेला आणि पाण्याचा तांब्या भरून सासऱ्यासमोर उभा राहिला. सुनंदाचं रडणं थांबलं. काशक्कानं माझा दंड धरला. बसलिंगप्पा तांब्याकडे बघत राहिले, मग पोराकडे.

"ह्याचं नाव काय?"

"चिन्ना म्हंतो नुसतं," सुनंदा म्हणाली. "बारसं केलं न्हाई अजून. तुमाला बोलावल्याबिगर कसं करू अप्पा? अन् बोलवायचं धाडस हुईना."

बसलिंगप्पांनी तांब्या घेतला. वर तोंड करून गटागटा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. धोतराच्या सोग्यानं आधी तोंड पुसलं, मग बराच वेळ डोळे. पोराला उचलून घेतलं, त्याच्या अंगड्याकडे निरखून पाहिलं आणि माझ्याकडे वळले.

"जावई बरा हाय," ते म्हणाले. "पण घरात लक्ष न्हाई. बग, अंगड्याला गुंडी न्हाई पोराच्या."

मराठीचं अक्षरही न कळणारा तो जावई हसून मान डोलवत होता.